पडद्याकडे पाठ

लोकांना काय वाटलं, ते मला विचार.
सिनेमा मी पाहिलाच नाही म्हण ना.
तीन आठवडे, रोज दोन खेळ, रविवारी बंद,
आणि माझी पाठ कायम पडद्याकडे.
हातात बॅटरी, गळ्यात आइस्क्रीमचा ट्रे,
वय एकोणीस.
ग्रिम्झबीत तेव्हा सगळ्याच कोटांना मासळीचा वास यायचा,
थिएटरातल्या मखमलीलासुद्धा.

गोष्ट तुला ठाऊकच असेल:
खिडक्या पुसणारा माणूस, शिडी, धुकं,
आत पियानो वाजवणारी बाई, पाठमोरी.
तो काच पुसतो. पुसतच राहतो.
आपल्याला दिसतं ते त्यानं पुसलेल्या गोलापुरतं.
सहाव्या रिळात ती वळते
आणि त्याच्याकडे नाही,
सरळ खुर्च्यांकडे बघते.

ते मी पाहिलं नाही.
मी खुर्च्या पाहिल्या.

मिसेस ऑल्थॉर्पनी कोटाचं वरचं बटण लावलं,
लावलेलंच होतं ते, तरी लावलं.
गोदीतली पोरं हसली, त्यातलं एक जरा जास्तच वेळ,
मग त्याला कळलं, आपण एकटेच हसतोय.
एका बाईनं नवऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवला,
स्वतःचे टक्क उघडे.
चॅपलचे पाद्री 'शी, शी' करत तरातरा उठले,
दाराशी मात्र थबकले
आणि दाराचा पडदा मुठीत धरून
शेवटपर्यंत उभे राहिले.
पुढच्या मंगळवारी परत आले, हॅट कपाळावर ओढून.
जागा मीच दाखवली, त्यांच्या बुटांवर बॅटरी धरून.
शिकवणच होती आम्हाला:
उजेड पायांवर, तोंडावर कधी नाही.

मॅनेजर थ्रोसल म्हणायचे,
लोक चिडले की गल्ला भरतो.
भरला.
आणि फ्रीमन स्ट्रीटवरच्या दुकानांतलं पडद्याचं कापड संपलं,
हे तुझ्या प्रबंधात आहे का?
बुधवारपर्यंत जाळीचं, शनिवारपर्यंत जाडंभरडंही.

आणि वॉल्टर पिंचबेक.
आमच्या गल्लीतल्या काचा तोच पुसायचा,
अकरा वर्षं, घरामागे दीड शिलिंग.
शिडीच्या टोकांना जुने लोकरी मोजे,
भिंतीला ओरखडा नको म्हणून.
दुसऱ्या आठवड्यात एकेक दार म्हणू लागलं,
राहू दे रे, पाऊसच येईल आता.
राहू दे रे, यापुढे आमचे हेच बघतील.
तोंडावर कुणी काही बोललं नाही.
बोलण्यासारखं होतं तरी काय?

तिसऱ्या गुरुवारी तो आला.
तिकीट काढून, शेवटच्या रांगेत, कडेला.
इस्त्रीचा शर्ट. सोड्यानं भेगाळलेले हात गुडघ्यांवर.
आपण काय केलं
ते बघायला आला होता.

सहावं रीळ लागलं.
मी नियम मोडला, बॅटरी वर नेली.
थिएटरभर माणसं डोळे ताणून बसलेली
आणि त्याचे मिटलेले,
घट्ट, साबण गेल्यासारखे.

मग उघडले. उजेडात. माझ्याकडे.

थांब, एवढं लिहू नकोस.
नाहीतर लिही.
त्याच्या आधीच्या सोमवारची गोष्ट.
आईनं त्याला नाही म्हटलं नव्हतं.
शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज आला,
मऊ, मोज्यांचा,
आणि मी उठून पडदा ओढला.
दिवसाढवळ्या. केस विंचरत होते फक्त.
कड्या खणखणल्या.
फडकं काचेवर एकदा थांबलं,
मग चालू झालं.
कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पुसली त्यानं,
मला पलीकडून ऐकू येत होतं.

शिडी विकून तो लोव्हस्टॉफ्टला गेला म्हणतात.
आमच्याकडे आठ दिवसांत
काचेवर समुद्राचं मीठ चढतं.
आई चहा पिता पिता म्हणायची,
बाहेरचं काही दिसेनासं झालंय गं.